अनामतीची वही

सोलापूर,
भर उन्हाळा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांपैकी तीन पानं तू कार्यकारी मंडळावर चिडली आहेस. वाचनालय दिवसातून दोनच तास उघडायचं त्यांनी ठरवलंय, वाचकच येत नाहीत म्हणतात, पंख्याचं बिल कशाला वाढवायचं, वगैरे. आणि खरी बातमी शेवटच्या पानावर, जाता जाता लिहिलीस: "सर, या महिन्यात सात जण अनामत परत घेऊन गेले."

मंडळाचं नंतर बघू. आधी त्या सात जणांचं.

गावावर वाईट दिवस येतात ते पेपरात यायच्या आधी आपल्या अनामतीच्या वहीत येतात. 38 वर्षं आमच्या वाचनालयातली ती वही माझ्या हाताखाली होती, म्हणून सांगतो. माणूस आधी वर्गणी थकवतो. मग पुस्तक उशिरा आणतो. मग दंड होईल म्हणून आणायचंच टाळतो. आणि एक दिवस कार्ड टेबलावर ठेवून अनामत मागतो. रक्कम कितीही किरकोळ असो, त्या घरात तेवढ्याचाही हिशेब मांडला जातोय, एवढं त्यातून कळतं. तुझे सात जण कुठल्या गल्लीतले, ते बघितलंस का? एकाच बोळातले निघाले तर तिथला एखादा यंत्रमाग कारखाना बंद पडलाय किंवा पाळ्या कमी झाल्यात, असं समज आणि चौकशी कर.

आपल्या शहराला हे नवं नाही. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल, तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर चहा ठेवणारं गाव हे. मी नोकरीला लागलो तेव्हा जुनी मिल केव्हाच बंद झाली होती. बाकीच्या माझ्या डोळ्यांदेखत थंडावल्या. त्या दिवसांतला एक माणूस मला अजून दिसतो. दुपारी तीनचा सुमार, बाहेर ऊन रणरणतंय, आणि हा माझ्या टेबलापुढं उभा. कार्ड प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून आणलेलं, कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. अनामत 25 रुपये. मी वहीत नोंद केली, सही घेतली, पैसे मोजून दिले, कार्डावर आडवी रेघ मारली. सगळं नियमानं. तो हातातलं पुस्तक काही खाली ठेवेना. म्हणाला, "साहेब, शेवटची आठ-दहा पानं राहिलीत. इथं बाकावर बसून संपवू का?"

मी म्हणालो, सभासदत्व रद्द झालंय, आता देवघेवीचं पुस्तक देता येत नाही. हवं तर पेपर वाचा.

त्यानं मान हलवली, पुस्तक माझ्या टेबलावर सरळ करून ठेवलं आणि गेला. परत कधी आला नाही. तो कुठल्या पेठेत राहायचा तेही मी नंतर वहीत काढून बघितलं, पण जायचं धाडस झालं नाही. आता तू म्हणशील, सर, तुमची काय चूक, नियमच तसा होता. पोरी, तो नियम आम्हीच केला होता. सरकारनं नव्हता केला.

म्हणून पहिलं काम हे कर. मंडळाच्या पुढच्या सभेत ठराव घे: अनामत परत मागणाऱ्याला ती द्यायची, पण कार्ड त्याच्याकडेच ठेवायचं आणि वर्षभर एका वेळी एक पुस्तक चालू ठेवायचं. थकलेला दंड माफ. ठरावाशिवाय करू नकोस. उद्या पुस्तक गेलं तर ते तुझ्या पगारातून कापतील, आणि तुझा पगार किती आहे ते मला माहीत आहे. पुस्तकं जातील का? जातात. आमच्याकडं करोनानंतर दोन पिशव्या भरतील एवढी आलीच नाहीत. ती रीतसर निर्लेखनात घातली, म्हणजे नोंदीतून वजा केली, आभाळ कोसळलं नाही.

माणसांशी नियम सैल चालेल, नोंद मात्र सैल चालणार नाही. मंडळ म्हणतं वाचक येत नाहीत. कशावरून? देवघेवीच्या रजिस्टरवरून. त्या रजिस्टरला फक्त घरी गेलेलं पुस्तक दिसतं. पेपर वाचायला येणारे म्हातारे, पंख्याखाली बसून भरतीचा अभ्यास करणारी पोरं, फॉर्म विचारायला आलेली बाई, यांतलं कुणीच त्यात दिसत नाही. उद्यापासून दाराशी एक साधी दोनशे पानी वही ठेव. येणाऱ्याचं नाव लिहू नकोस, काम लिही. 'रेशन कार्डाची चौकशी', 'पोलीस भरती', 'नुसतं बसले'. हो, तेसुद्धा लिही. नाव नको, कारण अडचणीतला माणूस नाव लिहिताना बिचकतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. महिनाभरानं ती वही सभेत टेबलावर ठेव, काही बोलू नकोस.

आणि दोन तासांचं म्हणशील तर ग्रंथालयांच्या सरकारी अनुदानाचे 1970चे नियम तुझ्याच कपाटात असतील, लाल दोरीच्या फायलीत. आपल्या वर्गाच्या वाचनालयानं रोज किमान किती वेळ उघडं राहावं ते त्यात आहे. तेवढा भाग मोठ्यानं वाचून दाखव. अनुदानाचं नाव निघालं की मंडळ लगेच शहाणं होतं, हा माझा अनुभव.

वेळ वाढवता आली नाही तर हलव. त्याला पैसा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44वर जातो तेव्हा दुपारी बारा ते चार कोण पायी येणार? सकाळी साडेसहाला उघड. संध्याकाळी मागावरची पाळी सुटल्यावर अर्धा तास चालू ठेव. पाळी कधी सुटते ते कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर विचार.

पाण्याचंही तसंच. उजनी धरणातून येऊनसुद्धा आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी, हे काय तुला सांगायचं! त्या दिवशी बायका घर सोडत नाहीत, आणि वाचनालयात कुणी फिरकत नाही. आम्ही एका उन्हाळ्यात, उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली गेलं होतं तेव्हा, दाराबाहेर फळा लावला आणि त्यावर आपल्या भागाला पाणी कधी येणार ते रोज लिहायला लागलो. नव्या पुस्तकांच्या यादीपुढं कधी कुणी उभं राहिलं नव्हतं. फळ्यापुढं सकाळी गर्दी व्हायची. मग आम्ही पाण्याच्या खाली एक ओळ पुस्तकाची लिहायला सुरुवात केली. थोडी लबाडी होती, पण चालून गेली.

आता विडीवाल्या बायांचं. तुझ्या वाचनालयाच्या मागच्या बाजूला त्यांची वस्ती आहे आणि त्यांच्यातली एकही सभासद नाही, असं तू लिहिलंस. कशी असेल? मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, हजार विड्या भरल्याशिवाय उठायचं नाही. पुस्तक धरायला हात मोकळा कुठाय? आम्ही हे फार उशिरा ओळखलं. ओळखल्यावर पुस्तक द्यायच्या ऐवजी वाचणारी दिली. नववीतली एक पोरगी, तिची आईही त्याच ओट्यावर बसायची. तिला कार्ड फुकट, आणि तिनं दुपारी तासभर ओट्यावर मोठ्यानं वाचायचं. घरची भाषा तेलुगू. त्यामुळं ती एक परिच्छेद मराठीत वाचायची आणि मग त्याचं तेलुगूत आपल्या मनानं सांगायची, थोडं मीठमसाला लावून. मी एकदा ऐकायला गेलो. गोष्टीतली सासू तोंड सोडते ते पान बायांनी तिला तीनदा वाचायला लावलं. हात एकीचाही थांबला नाही. कात्रीचा आवाज, दोऱ्याचा गुंडा इकडून तिकडं, आणि मध्येच सगळ्यांचं एकदम हसू.

त्या पुस्तकांना अजून तंबाखूचा वास येतो. एका तपासणीत साहेबांनी नाक मुरडलं. मी म्हणालो, वाचलेलं आहे साहेब, म्हणून.

त्या बायांना पुस्तकाआधी कागद लागतो, हेही लक्षात ठेव. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा असतो. त्यांचा भविष्य निर्वाह निधी असतो. ज्यांचा तोही नाही त्यांच्यासाठी 2021पासून असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम कार्ड आलं. सगळं ऑनलाइन, आणि सायबर कॅफेवाला दर फॉर्ममागं पैसे घेतो. तुझ्याकडं धूळ खात पडलेला एक संगणक आहे, तो पुस ना. फक्त सांभाळून: त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांनाच वाचून टाकू दे, आधारची प्रत संगणकावर ठेवू नकोस, काम झालं की पुसून टाक. आणि जे फॉर्म तुला कळत नाहीत त्यात हात घालू नकोस. चुकीची माहिती भरून एखादीचा हप्ता अडकला तर ती तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. बरोबर माणूस कुठल्या कार्यालयात, कुठल्या खिडकीत बसतो, एवढं सांगणं हीसुद्धा संदर्भ सेवाच.

करोनाचं तू विचारलंस. त्यावर मी फार लिहीत नाही, सगळ्यांनी ते भोगलंय. मार्च 2020मध्ये कुलूप लावलं, ते राज्यात ग्रंथालयं उघडायची परवानगी मिळाली 15 ऑक्टोबरला. मधल्या काळात माग बंद, विडी कंपन्यांच्या ब्रँच बंद, पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी गेलेली पोरं मेस आणि खोलीभाडं परवडेना म्हणून परत. मला सुरुवातीला काही सुचलं नाही. मग सभासदांच्या वहीतून साठीच्या पुढचे निवडले आणि रोज दहा जणांना फोन करायला लागलो. पुस्तकाचं कुणी बोलायचं नाही. औषधाच्या दुकानाचा नंबर, बँक किती वाजता उघडते, असंच. एक आजोबा मला रोज पेपरातली एक बातमी वाचून दाखवायला लावायचे. त्यांच्याकडं पेपर येणं थांबलं होतं.

उघडल्यावर परत आलेली पुस्तकं 72 तास बाजूला ठेवायची म्हणून टॉवेलच्या कारखान्यातून रिकामे खोके आणले आणि त्यांवर सोम, मंगळ, बुध लिहिलं. हे चांगलं झालं. त्याच्या आधी मी जे केलं ते तू करू नकोस. घाबरून मी एका अख्ख्या कपाटावर जंतुनाशक फवारलं. कव्हरांची शाई उतरली, पानं फुगली, चाळीसेक पुस्तकं पापडासारखी झाली. पुस्तकाला ओल कुठूनही आली तरी ओलच. परवाच्या सप्टेंबरात, 2025च्या, सीनेला पूर आला तेव्हा एका गावच्या वाचनालयातून मला फोन आला होता, भिजलेली पुस्तकं गच्चीवर उन्हात टाकलीत म्हणून. म्हटलं, आधी उचला. सावलीत, पंख्याखाली, पानांत कोरा कागद घालून, आणि तो कागद बदलत राहा. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं सुटली तर सुटली.

अजून एक, कारण तो मोह तुलाही होईल. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर पुस्तकांच्या पीडीएफचा सुकाळ झाला होता आणि आमच्या गटावरही लोक टाकायचे. मी काढून टाकायचो, शिव्या खायचो. लेखक आणि प्रकाशकही त्याच गावात राहतात जिथं काम बंद पडलंय. हक्क संपलेली पुस्तकं खुशाल दे, ती पुष्कळ आहेत.

पैशाचं शेवटी. आपल्याकडं 1967चा ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही; कर्नाटकात, तमिळनाडूत आहे. त्यामुळं आपण अनुदानाच्या दोन हप्त्यांकडं डोळे लावून बसतो, आणि ते आले की उधारी फेडण्यात जातात. अडचणीच्या वर्षी पुस्तकखरेदी सगळ्यात आधी कापतील. कापू दे थोडी, पण पेपर आणि मुलांचं कपाट यांना हात लावू देऊ नकोस. अभ्यासिकेतल्या पोरांवर नाराज होऊ नकोस. ती आपलं एकही पुस्तक वाचत नाहीत, स्वतःची गाइडं घेऊन येतात, मलाही त्यांचा राग यायचा. पण त्यांच्या मासिक शुल्कावर दोन वर्षं आमच्या शिपायाचा पगार निघाला. आणि कपडे वाटप, धान्य वाटप यात पडायचा आग्रह होईल, तो टाळ. जागा दे, बाक दे, यादी लिहून दे. वाटणारे गावात खूप आहेत. उघड्या दाराची, कुणी काही न विचारता बसू देणारी जागा मात्र मोजकी.

तुझा स्वतःचा पगार थकला असेल तर तो लेखी माग. "सेवा म्हणून करतेय" असं चुकूनही म्हणू नकोस. ते वाक्य लोक लगेच धरून ठेवतात.

आमच्याकडं गुरुवारी पाणी आहे, म्हणून शुक्रवारी सकाळी येतो. ती सात नावं, पत्ते आणि अनामतीची वही काढून ठेव. कार्डं फाडली नसशील तर तीही. दोघं मिळून त्या गल्लीत जाऊ, तू बोल, मी मागं उभा राहतो. मंडळींनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून द्यायचं कबूल केलंय, तेव्हा डबा आणू नकोस.

तुझा,
सर