दवाखाना कोणाचा, बिल कोणाचं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आरोग्यसेवेत सरकारने किती उतरावं आणि उतरलं की त्याला समाजवाद म्हणायचं का, यावर खान्देशातून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

अमेरिकेतला पुतण्या म्हणतो, सरकारने सगळ्यांच्या औषधपाण्याची जबाबदारी घेतली की देश समाजवादी झाला समजा. आपल्याकडे सरकारी दवाखाने तर आजोबांच्या काळापासून आहेत. मग आपण समाजवादी आहोत की नाही? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. पैसे कोण भरतं? इमारत आणि यंत्रं कोणाच्या मालकीची? डॉक्टर कोणाचा नोकर? समाजवादाचा मूळ आग्रह मालकीचा आहे: उत्पादनाची साधनं खासगी हातात नकोत. दवाखाना खासगी आणि बिल तेवढं सरकारचं, ही व्यवस्था त्या व्याख्येत बसत नाही. तिला कल्याणकारी म्हणा, सामाजिक विमा म्हणा.

मालकीच्या कसोटीला सर्वांत जवळ जातो तो ब्रिटन. ५ जुलै १९४८ ला मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी रुग्णालयं राष्ट्रीय सेवेत घेतली. तिथेही गल्लीतले फॅमिली डॉक्टर बहुतांशी कंत्राटावर, स्वतःचा दवाखाना चालवणारेच राहिले. ‘सगळं फुकट’ही तीन वर्षंच टिकलं. १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्याला पैसे लावले आणि बेव्हन यांनी राजीनामा दिला. आज इंग्लंडात ठरवून करायच्या उपचारांची प्रतीक्षायादी ७० लाखांच्या वर आहे, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

कॅनडात बिल प्रांताचं सरकार भरतं, पण डॉक्टर बहुतेक स्वतंत्र व्यवसाय करतात. सस्कॅचेवान प्रांतात १९६२ साली ही पद्धत सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. जर्मनीची कथा आणखी गमतीची. बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवाद्यांच्या संघटनांवर बंदी घातली आणि पाचच वर्षांनी, १८८३ मध्ये, कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. कामगार समाजवाद्यांकडे वळू नयेत, हा त्यातला उघड हेतू.

पुतण्याला एक सांगा. अमेरिकेतही ६५ वर्षांवरच्यांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेला सरकारी विमा आहे, आणि माजी सैनिकांची रुग्णालयं सरकारी मालकीची असून तिथले डॉक्टर सरकारी पगारावर असतात. मालकीची कसोटी लावली तर त्या देशातली सर्वांत समाजवादी आरोग्यसेवा ती.

आपल्याकडे जळगाव-भुसावळच्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये सगळे नमुने सापडतात. भुसावळचं रेल्वे रुग्णालय ब्रिटिश वळणाचं, कारण इमारतही सरकारची आणि डॉक्टरही. जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्याच्या कामगाराचा ईएसआय, म्हणजे कामगार-मालकांच्या हप्त्यावरचा सक्तीचा आजारविमा, जर्मन वळणाचा. महात्मा फुले योजनेत खासगी रुग्णालयाचं बिल सरकार भरतं, ती कॅनडाच्या बाजूला झुकलेली. आणि चौकातला डॉक्टर रोख घेतो, तो निव्वळ बाजार. त्यामुळे देशाला एकच पाटी लावण्याचा नाद सोडलेला बरा.

सहकार म्हणजेच समाजवाद ना? फैजपूरला तेच ठरलं होतं असं वडील सांगायचे. (निवृत्त शिक्षक, यावल)

नाही. सहकारी संस्थेची मालकी सभासदांची असते, सरकारची नाही. डिसेंबर १९३६ चं फैजपूर अधिवेशन काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू होते आणि त्या वर्षी ते समाजवादाबद्दल मोकळेपणाने बोलत होते, त्यामुळे वडिलांची आठवण निराधार नाही. पण तिथे मंजूर झालेला शेतीविषयक कार्यक्रम खंड, सारा आणि कर्ज यांचा भार हलका करण्याचा होता.

राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ शब्द आहे. त्याच्या आधारावर मोफत उपचारासाठी कोर्टात जाता येईल का? (विधी शाखेची विद्यार्थिनी, धुळे)

त्या एका शब्दावर नाही. तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ ला फेटाळलं. आपल्या संदर्भात समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता, त्याने खासगी उद्योगाला आडकाठी होत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतो, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने थेट बजावून घेता येत नाही.

जोर आहे तो जगण्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ मध्ये. १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरला पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता तातडीचे उपचार करणं बंधनकारक केलं. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका खटल्यात, रेल्वेतून पडून जखमी झालेल्याला अनेक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं म्हणून राज्याला भरपाई द्यायला लावली. ‘निधी नाही’ ही सबब चालणार नाही, असंही न्यायालयाने बजावलं. आरोग्य हक्काचा कायदा सर्वांत आधी राजस्थानने २०२३ मध्ये केला. महाराष्ट्रात तसा कायदा नाही, आणि रुग्णालयं हा विषय राज्यसूचीत असल्याने तो मागायचा तर विधानसभेकडे.

कोर्टात टिकतं ते कागदावर. परत पाठवलं तर केसपेपरवर वेळ आणि कारण लिहून मागा, १०८ ला केलेल्या फोनची वेळ जपून ठेवा. तोंडी ‘बेड नाही’ नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं.

मी टॅक्स भरतो, घरच्यांची पॉलिसी वेगळी घेतो, सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. दुसऱ्याच्या आजाराचा भार माझ्यावर कशाला? (व्यापारी, दाणाबाजार, जळगाव)

तुमच्या पॉलिसीतही तेच चालतं. यंदा आजारी न पडलेल्यांच्या हप्त्यातून आजारी पडलेल्याचं बिल जातं. फरक सक्तीचा आहे, आणि तुमचा आक्षेप असेल तर तो सक्तीवर घ्या. त्यात तथ्य आहे.

सक्ती का करतात? विमा ऐच्छिक ठेवला की आजारी माणसं आधी येतात आणि धडधाकट बाहेर राहतात. हप्ता वाढतो, मग उरलेल्यांतले निरोगीही सोडून जातात. कंपनी मग जुने आजार वगळते, प्रतीक्षाकाळ लावते, साठीनंतर हप्ता दामदुप्पट करते. शिवाय रुग्णाला आपल्याला काय झालंय आणि त्यावर काय हवं, हे विकणाऱ्याकडूनच कळतं. केनेथ अ‍ॅरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्ये हे नीट मांडलं. बाजाराचे खंदे समर्थक फ्रीडरिश हायेक यांनीसुद्धा आजार-अपघातासारख्या जोखमींसाठी राज्याने सामाजिक विमा उभारायला मदत करावी, हे मान्य केलं होतं.

सक्तीचा आकडा पाहा. ईएसआयमध्ये कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. महिना १६,००० मजुरीवर कामगाराचे १२० रुपये, मालकाचे ५२०. ही योजना २१,००० पर्यंत मजुरी असणाऱ्यांना लागू होते.

देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, २०२१-२२ ला ३९.४ वर आला. त्या वर्षी सरकारी खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाचं लक्ष्य २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं होतं. तुमचा टॅक्स आरोग्यावर उधळला जातोय ही तक्रार या आकड्यांना धरून नाही. तो तिथे पुरेसा पोचतच नाही, ही तक्रार जास्त खरी.

गावमा डाक्टरच नही शे, मंग कार्ड लिसनी काय करू? सरकारने दवाखाने चालवण्यापेक्षा खासगीला का देऊ नयेत? (साक्री तालुक्याचा पश्चिम पट्टा)

पहिल्या वाक्यातच दुसऱ्याचं उत्तर आहे. योजनेचं कार्ड म्हणजे बिल भरण्याची हमी, आणि सेवा विकत घ्यायला समोर विकणारा लागतो. तो नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात का येत नाही, याचा हिशेब मांडू.

डोंगरी आणि आदिवासी भागाचा निकष असा: ३,००० लोकांमागे उपकेंद्र, २०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, ८०,००० मागे ग्रामीण रुग्णालयाच्या तोडीची संस्था. सपाटीवर हेच आकडे ५,०००, ३०,००० आणि १,२०,०००. आता ८०,००० वस्तीत हजारी २० जन्म धरा. वर्षाला १,६०० बाळंतपणं झाली. त्यात शंभरामागे १० ते १५ सिझेरियन लागतील, म्हणजे १६० ते २४०. सरासरी दोन दिवसांत एक. पण ते रात्री अडीचला येईल की पोळ्याच्या दिवशी, सांगता येत नाही. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बाळ पाहणारा डॉक्टर चोवीस तास हवा. एक माणूस ३६५ रात्री जागू शकत नाही, म्हणून प्रत्येकी किमान दोन. फुले योजनेचं पॅकेज, म्हणजे उपचाराचा ठरलेला दर, शस्त्रक्रियेमागे पैसे देतं. वाट पाहत बसण्याचे पैसे त्यात नसतात. एवढ्या कामावर खासगी सर्जनचा खर्च निघत नाही, तो शहाद्याला किंवा नंदुरबारला बसतो. सज्ज राहण्याचा पगार तिजोरीतूनच द्यावा लागतो. इथे सरकारी मालकीचं समर्थन करायला समाजवाद किंवा दुसऱ्या कुठल्याच विचारसरणीची गरज नाही.

आता सरकारी बाजू कुठे ढिली पडते ते. रक्तसाठवण केंद्राचा फ्रिज घ्या. रक्ताची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवायची, साठवणीच्या नेहमीच्या द्रावणातली ३५ दिवस चालते. लहान रुग्णालयात रक्त कमी लागतं. म्हणून मुदतीला दहा-बारा दिवस उरले की पिशवी मोठ्या रक्तपेढीला परत करून ताजी आणायची असते. या फेरीला गाडी किंवा माणूस नसला की पिशव्या बाद होतात. बाद झाल्या की लेखापरीक्षणात शेरा येतो. शेऱ्याच्या भीतीने पुढच्या वेळी कोणी मागणीच नोंदवत नाही. फ्रिज चालू राहतो, रिकामा. आणि अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईच्या हातात ‘रेफर’ची चिठ्ठी पडते. भूलतज्ज्ञाचंही तसंच. तो एक नसला तर सर्जन आणि टेबल असूनही थिएटर बंद. यावर एमबीबीएस डॉक्टरला काही महिन्यांचं भूल देण्याचं प्रशिक्षण देण्याची सोय आहे, पण तयार झालेल्या माणसाची बदली भलतीकडे झाली की मेहनत वाया.

खासगीकरणाने यातलं काय सुटेल? शिरपूर-शहाद्यासारख्या गावी खासगी भूलतज्ज्ञाला दर केसमागे मानधन देऊन बोलावणं जमतं, आणि ते करावंच. सातपुड्यात बोलावणार कोणाला? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही तशीच. घरोघर जाऊन सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, ती पॉझिटिव्ह आली की पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. हे काम नफ्यासाठी कोणी करत नाही. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे, त्याच्या टेंडरलाही रांग लागणार नाही.

तुमच्या पातळीवर करण्यासारखं: आधीचं सिझेरियन, जुळं, सिकलसेल किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर बाळंतपण कुठे होणार हे सातव्या महिन्यातच आशाताई आणि नर्सताईंशी ठरवा. जिथे नेणार तिथे भूलतज्ज्ञ आणि रक्त आहे का, हे नावानिशी विचारा. आदिवासी तालुक्यांत आरोग्य केंद्राजवळ माहेरघराची सोय असते, तारखेआधी तिथे मुक्काम करता येतो. गाडीसाठी १०२.

रुग्णालय फुले योजनेत आहे म्हणून नेलं, तरी पैसे भरावे लागले. ही कसली योजना? (अमळनेर)

२ जुलै २०१२ ला ही योजना राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होता. आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पैसे भरावे लागतात त्याची कारणं ठरलेली आहेत. रुग्णालय योजनेत असतं, पण सगळ्या विभागांसाठी नसतं. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. आजार पॅकेजच्या यादीत नसतो. ओपीडी आणि नुसतं सलाइन लावून झोपवणं योजनेत येत नाही. रेशनकार्डावर ‘सुरेखाबाई’ आणि आधारवर ‘सुरेखा’ असं असलं की फाइल अडते.

म्हणून क्रम पाळा. दाखल होतानाच, डिपॉझिट भरण्याआधी, आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. त्याचं टेबल रुग्णालयातच असतं. रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्र द्या. पॅकेजला ऑनलाइन पूर्वमंजुरी, म्हणजे प्रीऑथ, मिळाली का हे विचारा. तातडीत फोनवर मंजुरी घेऊन कागद मागाहून देता येतात. मंजुरीनंतर खाट, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया आणि जेवण पॅकेजमध्येच येतं. ‘ही सुई बाहेरून आणा’ म्हटलं तर बिल घ्या आणि त्याच दिवशी १५५३८८ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा. डिस्चार्जनंतर मंजुरी मिळत नाही, आणि बहुतेक जण तिथेच फसतात.

रुग्णालयांची बाजूही ऐका. पॅकेजचे दर अनेक शस्त्रक्रियांना अपुरे पडतात आणि देयकं रखडतात. मग परवडणाऱ्या केसेस योजनेत घेतल्या जातात, न परवडणाऱ्यांना ‘आमच्याकडे सोय नाही’ सांगितलं जातं. विकत घेणारा सरकार असला तरी त्याला बाजारभाव समजावा लागतो.

आणि याच पत्रातला जोडप्रश्न, ‘सरकारी उपचार मोफत झाले, मग मोठ्या सरकारी रुग्णालयात पावती का फाडली?’ १५ ऑगस्ट २०२३ पासूनची मोफत सेवा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत आहे: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतं, तिथे शुल्क लागू शकतं. गरोदर माता आणि आजारी नवजात बाळांना मात्र जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे दोन्हीकडे मोफत. पावती फाडण्याआधी खिडकीवर तेवढं नाव घ्या.