दहा सूचक, चार संच आणि दुपारचे तीन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

निवडणूक सुधारणेसाठी काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. मोर्चाला, परिसंवादाला, निवेदनावर सह्या करायला माणसं मिळतात. उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या टेबलाशी उभं राहणारं कुणी मिळत नाही. तू तिथून सुरुवात कर. अपक्षाचं किंवा छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर लागणार की नाही, हे त्या टेबलावर ठरतं. तिथे अर्ज बाद झाला की निकाल लागेपर्यंत कोर्टाचं दार बंद असतं. संविधानाचा अनुच्छेद 329 (ख) तसं सांगतो, आणि 1952 साली पोन्नुस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. म्हणजे आपलं सगळं काम त्या दिवसाच्या आधी व्हायला हवं.

आधी दहा सूचकांचा, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या दहा मतदारांचा, नियम आला कुठून ते समजून घे. बदलाची मागणी करायची तर समोरच्याचं म्हणणंही ठाऊक हवं. 1996 च्या लोकसभेला देशभर 13,952 उमेदवार उभे होते. बेळगावात सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि 456 उमेदवार रिंगणात राहिले. नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने गांजलेल्या लोकांमुळे 480, तर तमिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभेला 1,033. मतपत्रिकेची पुस्तिका झाली. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेचं डिपॉझिट 500 वरून 10,000 रुपये, विधानसभेचं 250 वरून 5,000 झालं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरेल, बाकीच्यांना दहा लागतील, असं ठरलं. 1998 ला उमेदवारांची संख्या 4,750 वर आली. पुढे 2010 पासून डिपॉझिट लोकसभेला 25,000 आणि विधानसभेला 10,000 झालं. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मं, जागा खुली असली तरी. जातीचा दाखला मात्र सोबत हवा.

माझं मत विचारशील तर दहा सूचकांची अट जाचक नाही. आमदार व्हायला निघालेल्याला दहा मतदार मिळू नयेत? अडचण पैशांची आहे, कारण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ते जप्त होतात आणि शंभरातल्या बहुतेक अपक्षांचे होतातच. आणि ‘मतपत्रिकेत मावत नाहीत’ हे जुनं कारण आता तेवढं टिकत नाही. नव्या यंत्राला 24 मतदान युनिटं जोडता येतात, म्हणजे नोटा (‘वरीलपैकी कोणीही नाही’) धरून 384 बटणं. 2019 ला निजामाबादेत 185 उमेदवार होते, त्यातले 178 शेतकरी. 12 युनिटं लावून मतदान पार पडलं.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. अधिसूचना निघाल्यापासून अर्जाला सातव्या दिवसापर्यंत मुदत, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची शेवटची तारीख. यातली एखादी तारीख सुट्टीवर आली तर पुढे सरकते. ऐकायला सात दिवस वाटतात, पण घड्याळ लावून बघ. 2024 च्या विधानसभेला अधिसूचना 22 ऑक्टोबरला निघाली, शेवटची तारीख 29. मध्ये चौथा शनिवार आणि रविवार. उरले सहा दिवस, रोज 11 ते 3. एकूण 24 तास. त्यातही 24 तारखेला गुरुपुष्यामृत, म्हणजे निम्मा जिल्हा त्या मुहूर्तावर रांगेत. आपल्या उमेदवाराला सांग, मुहूर्त पहिल्या दिवसाचा. पहिल्या दिवशी दिलेल्या अर्जातली चूक दुसऱ्या संचात, म्हणजे त्याच उमेदवाराच्या आणखी एका अर्जात, सुधारता येते; शेवटच्या दिवशी पावणेतीनला दिलेल्या अर्जातली सुधारता येत नाही. डिपॉझिट चेकने चालत नाही, रोख किंवा कोषागाराचं चलन. कुणी हौसेने चिल्लर घेऊन येतो, फोटो छान येतो आणि नाणी मोजण्यात त्याचाच वेळ जातो.

सूचकांवर सगळ्यात जास्त मेहनत घे. लोकसभेला अर्जाचा नमुना 2-अ, विधानसभेला 2-ब. अपक्षाच्या भागात दहा ओळींचा तक्ता असतो: यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, पूर्ण नाव, सही, तारीख. सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार हवा. चूक बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यात होते. लोक मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहितात, किंवा मागच्या निवडणुकीच्या यादीतला अनुक्रमांक उतरवून काढतात. मतदार यादीचं पुनरीक्षण झालं की ती नव्याने छापली जाते, केंद्रं फुटतात, भाग बदलतो आणि तुझ्या तक्त्यातला 412 नंबरचा दत्तात्रय नव्या यादीत 397 वर गेलेला असतो. म्हणून शेवटची यादी आणि तिची पुरवणी समोर ठेवून एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं. दहांत एक कमी पडला तरी अर्ज जातो, नऊ सूचकांना अर्थ नाही. निरक्षर सूचकाचा अंगठा घरी घेऊ नकोस. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा अधिकृत अधिकाऱ्यासमोर उमटवून साक्षांकित करावा लागतो.

एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार संच भरता येतात, डिपॉझिट एकच. बहुतेक जण त्याच दहा जणांच्या सह्या चारही संचांवर घेतात. मग चार संच भरून उपयोग काय? प्रत्येक संचाला वेगळे दहा, म्हणजे चाळीस माणसं जमव. 2024 ला सुरतेत काय झालं ते वाच: एका राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराच्या सूचकांनी ‘सही आमची नाही’ म्हणून लिहून दिलं, त्याच्या पर्यायी उमेदवाराचाही अर्ज गेला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि लोकसभेची ती जागा एकही मत न पडता बिनविरोध झाली. त्यामुळे सही घेताना ओळखपत्राची झेरॉक्स घे, सही करतानाचा व्हिडिओ ठेव, आणि छाननीच्या दिवशी सूचक फोनवर मिळतील एवढं नको, कार्यालयाच्या बाहेर गाडीत बसलेले असू देत.

उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर तिथल्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत लागते. संकेतस्थळावरची प्रिंट चालत नाही. तहसीलमधून ही प्रत अधिसूचनेच्या आधीच काढून ठेव, नंतर तिथला कारकून निवडणुकीच्या कामात बुडालेला असतो.

नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र, म्हणजे मालमत्ता, गुन्हे, शिक्षण यांची माहिती, नोटरीसमोर करायचं. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, रेघही मारायची नाही. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं अक्षरांत लिहायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार रकाना रिकामा असेल तर अधिकाऱ्याने आधी लेखी आठवण द्यायची आणि तरीही भरून दिलं नाही तर अर्ज फेटाळता येतो. खाडाखोड झाली तर तिथे उमेदवाराची आणि नोटरीची सही. प्रत्येक पानावर दोघांची सही आहे ना, ते मोजून बघ.

शपथ ही तर अगदी साधी गोष्ट, आणि तिच्यामुळे चांगले अर्ज बाद होतात. उमेदवाराने अर्ज दाखल झाल्यानंतर, पण छाननीचा दिवस उजाडायच्या आत, संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यायची असते. अर्ज सूचकाने नेऊन दिला तर चालतो, शपथ मात्र उमेदवारानेच घ्यायची. शेवटच्या दिवशी सूचक अर्ज देऊन आला आणि उमेदवार प्रचारात फिरत राहिला की संपलं. 2024 ला वाराणसीत एका विनोदी कलाकाराचा अर्ज शपथेवरूनच गेला. 2019 ला त्याच मतदारसंघात बडतर्फ जवानाचा अर्ज गेला तो लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 33 (3) खाली. पाच वर्षांच्या आत सरकारी नोकरीतून काढलेल्या माणसाला निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते नव्हतं. म्हणून उमेदवाराला पहिल्याच भेटीत विचार: सरकारी नोकरी केली होती का, कशी सुटली?

अर्ज देताना अधिकारी कागदपत्रांची तपासणी सूची भरून देतो, काय मिळालं आणि काय बाकी आहे याची. ती घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही. पुढे भांडायची वेळ आली तर तोच कागद बोलतो.

छाननीला उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती, एवढेच आत. ती चौथी खुर्ची तुझी. म्हणून तू सूचक होऊ नकोस. सोबत लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 घेऊन जा, कलम 33 आणि 36 वर खूण करून. 33 (4) सांगतं की नावातली, क्रमांकातली लेखनिकी चूक सुधारू द्यावी किंवा दुर्लक्षावी. यादीत ‘दत्तात्रय’ आणि सही ‘दत्ता’ म्हणून अर्ज जात नाही. 36 (4) सांगतं की ठळक स्वरूपाचा दोष नसेल तर अर्ज फेटाळू नये. आणि 36 (5): हरकत आली तर उत्तर द्यायला छाननीच्या तारखेनंतर दोन दिवसांपर्यंत मुदत देता येते. तोंडी मागितलीस तर ‘बघू’ म्हणतील. मुदतीचा अर्ज दोन प्रतींत आधीच लिहून ने, कारणाची जागा कोरी ठेव, हरकत आली की भर, दे आणि दुसऱ्या प्रतीवर वेळेसह पोच घे. आवाज चढवू नकोस. अधिकारी रात्रभर जागा असतो आणि त्याला मदत करणारा कायद्याचा उतारा हवाच असतो.

पक्षाचा उमेदवार असेल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचं पत्र, शेवटच्या दिवशी तीनच्या आत, शाईच्या सहीचा. झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो नाही. पर्यायी अर्जाची खिल्ली उडवू नकोस. रामटेकला 2024 मध्ये जात वैधता प्रमाणपत्र रद्द झाल्याने मूळ उमेदवाराचा अर्ज गेला, पर्यायी अर्ज भरलेले पती उभे राहिले आणि निवडून आले.

अर्ज फेटाळला गेलाच तर कारणांसह आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी माग. निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. इथे एक बारकावा आहे. चुकीने स्वीकारलेल्या अर्जामुळे निकालावर परिणाम झाला हे सिद्ध करावं लागतं; चुकीने फेटाळलेला एकही अर्ज असेल तर तसं दाखवावं लागत नाही, निवडणूकच रद्द होते. शहाणा अधिकारी हे जाणतो. तू याची शांतपणे, कलम 100 (1) (ग) असा आकडा उच्चारून, छाननीच्या वेळीच आठवण करून देऊ शकतोस.

चिन्हाचे तीन पसंतीक्रम अर्जातच लिहायचे. ‘काहीही द्या’ म्हणणाऱ्या अपक्षाला शेवटी उरलेलं मिळतं. चिन्हाला किती वजन असतं ते साताऱ्यात 2024 ला दिसलं: तुतारी वाजवणारा माणूस 32,771 मतांनी हरला, आणि तुतारीशी मिळत्याजुळत्या पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला 37,062 मतं पडली.

निवडणूक संपली की कार्यकर्ते पांगतात, आणि तिथेच पुढची उमेदवारी जाते. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी, वेगळं उघडलेलं. डिपॉझिट गेलं म्हणून हिशोब माफ होत नाही. दिला नाही तर कलम 10-क खाली तीन वर्षं अपात्र. तुझ्या उमेदवाराचं नाव अपात्रांच्या यादीत आधीच नाही ना, हे बघूनच कामाला लाग.

यातून सुधारणा कशी निघते? तुझ्या जिल्ह्यातले फेटाळल्याचे सगळे आदेश गोळा कर, अगदी ज्यांची मतं तुला पटत नाहीत त्यांचेही. तक्ता कर: कारण, हरकत कुणाची, मुदत मागितली का, दिली का, आदेश किती वाजता झाला. मग मागणी एका शब्दाची कर. 36 (5) मध्ये मुदत ‘देता येईल’ आहे, तिथे ‘द्यावी’ हवं. मोठ्या मागण्या भाषणात विरतात. नोटाची मागणी बघ: कुणालाच मत न देणाऱ्याला नियम 49-ओ खाली केंद्रावरच्या वहीत सही करावी लागे, गुप्तता मोडे, म्हणून एक बटण द्या, एवढंच म्हणणं. याचिका 2004 ची, निकाल 27 सप्टेंबर 2013 चा. नऊ वर्षं धरून चाल, आणि तक्ता दर निवडणुकीला पुढे भरत राहा.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता

ता. क. हे सगळं लोकसभा-विधानसभेचं. जिल्हा परिषद, नगरपालिका राज्य निवडणूक आयोगाकडे, कायदे वेगळे, अर्ज वेगळा. तिथे 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या तिसऱ्या अपत्याचा प्रश्न पहिला विचार, आणि राखीव जागा असेल तर जात वैधतेचा दुसरा.