सुट्टीत लहान मुलांचं गणित विसरू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पहिली संपवून दुसरीत जाणार आहे, मुलगा चौथीत. सुट्टीत गणित विसरू नये म्हणून दोघांना रोज दोन पानं सोडवायला बसवता आणि रोज रडारड होते. मी बरीच वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते आहे आणि सुट्टीनंतरचा पहिला आठवडा दरवर्षी जवळून बघते, म्हणून लिहितेय.

तुमची काळजी खोटी नाही. १९९६ साली हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळी सुट्टीच्या परिणामांवरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी साधारण महिनाभराचं शिकलेलं मागे पडतं, असं त्यात दिसलं, आणि वाचनापेक्षा गणितात जास्त. त्यातही आकडेमोड आधी गंजते. (ही घट नक्की किती, याबद्दल नंतरच्या संशोधकांत मतभेद आहेत, तेव्हा धास्ती घेऊ नका.) वर्गात मलाही तेच दिसतं. बेरीज म्हणजे काय, हे मूल विसरत नाही. पण ८ आणि ५ तेरा, हे चटकन ओठांवर यायचं ते येत नाही, आणि पुन्हा बोटं उघडतात. म्हणजे नवीन काही शिकवायची गरज नाही, उजळणी हवी. तीही तोंडी, थोडी आणि रोज. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं जास्त टिकतात, कारण किंचित विसरलेलं पुन्हा आठवताना जो जोर लागतो त्यानेच ते पक्कं होतं.

मुलीसाठी एक फासा आणि एक सोंगटी पुरे. कागदाच्या लांब पट्टीवर सरळ रेषेत चौकोन आखा, त्यात १ ते ५० आकडे तिलाच लिहू द्या. सापशिडीचा पट चालेल, पण त्यात एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उलटी जाते, लहान मुलं तिथे गोंधळतात. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना असाच १ ते १० चा सरळ पट खेळायला दिला होता. पंधरावीस मिनिटं असं चारच वेळा ती खेळली, तरी त्यांची संख्यांची समज सुधारली. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. सोंगटी २७ वर असेल आणि ५ पडले, तर तिने ‘एक, दोन, तीन’ असं मोजायचं नाही. ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस’ असं घरातला आकडा वाचत पुढे जायचं. खेळाचा खरा उपयोग या मोजण्यातच आहे.

आकडे वाचण्यावरून आठवलं. आपल्या भाषेत संख्यांची नावं मुलांची फार परीक्षा बघतात. त्रेसष्ट ऐकलं की तीन आधी कानावर येतात, मूल ३६ लिहून मोकळं होतं. एकोणसाठ म्हटलं की ‘साठ’ ऐकू येतं आणि ६९ लिहिलं जातं. सुट्टीनंतर सगळ्यात जास्त चुका मला इथेच सापडतात. तिला सांगा, एकोण म्हणजे एक उणे: साठाला एक कमी, म्हणून एकोणसाठ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे चालतं, फक्त नव्व्याण्णव वेगळा. जाता-येता विचारा, ‘एकोणऐंशीच्या पुढे काय?’ किंवा तुम्ही संख्या बोला, तिने बोटाने हवेत लिहावी. वहीची गरजच नाही.

पत्त्यांतली चित्रं काढून टाकली की दहाच्या जोड्या शोधण्याचा खेळ होतो: ७ ला ३, ६ ला ४. दोघं मिळून खेळतील. या जोड्या पाठ झाल्या की हातच्याच्या बेरजा आपोआप सोप्या होतात.

मुलाचे पाढे. सगळे पाढे रोज म्हणायला लावू नका, त्यात त्याला येणारंच पुन्हा पुन्हा म्हटलं जातं. एक ते दहाच्या पाढ्यांत १०० गुणाकार दिसतात. ७ × ८ आणि ८ × ७ एकच धरले की ५५ राहतात. त्यातून १, २, ५ आणि १० चे वगळले, ते त्याला येत असणार, की उरतात फक्त २१. हे २१ त्याच्यासमोर मोजून दाखवा, मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण मी तिथेच उतरताना पाहिलाय. एकेक चिठ्ठीवर लिहा, रोज पाच काढा. बरोबर आलेली तीन दिवसांनी पुन्हा विचारा, अडलेली उद्याच. आणि ७ × ८ ला अडला तर उत्तर सांगू नका, म्हणा, ‘सात साती एकोणपन्नास येतं ना? त्यात अजून एक सात मिळव.’

चुकलेलं उत्तर लगेच खोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. ५२ − ३८ चं उत्तर २६ आलं तर ते मूल निष्काळजी नाही. त्याने प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान वजा केलाय, आठातून दोन, पाचातून तीन. ‘कसं केलंस?’ विचारलं की ते स्वतः सांगतं. मग म्हणा, ३८ वरून ५२ पर्यंत चालत जाऊ: ४० पर्यंत दोन, पुढे बारा. चौदा. बरोबर उत्तरालाही ‘कसं केलंस?’ विचारा, नाहीतर तो प्रश्न म्हणजे चूक झाल्याची खूण ठरतो.

तुम्हाला स्वतःला गणिताची धास्ती वाटत असेल, तर यंदा शिकवू नका, नुसतं खेळा. २०१५ मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर एक अभ्यास झाला. गणिताला घाबरणारे पालक जिथे वारंवार गृहपाठाला बसत, तिथे मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य मुलांसमोर कृपा करून उच्चारू नका. मुलं ते आपल्यालाही लागू करून घेतात.

ती दोन पानांची वही आजच कपाटात ठेवा. शाळा सुरू व्हायला दहा दिवस राहिले की बाहेर काढा. तेव्हा रोज तीनच उदाहरणं, आणि चौथं तुमच्या लेकीने तुम्हाला घालायचं. ते सोडवताना एखादी चूक मुद्दाम करा आणि ती तिला शोधू द्या.