अपघाताच्या दाव्यात पहिली भेट

कोल्हापूर

प्रिय पोरी,

अपघात दाव्यांच्या वकिलांकडे पक्षकारांशी बोलायचं काम तुला मिळालं, फार बरं वाटलं. कलमं तिथे शिकशीलच. मला बोलायचंय ते पहिल्या भेटीतल्या ऐकण्याबद्दल.

शिरोलीजवळ हायवेवर बाई गेली, की नवरा येऊन सांगतो, "काही करत नव्हती, घरीच असायची." तेवढं लिहून थांबू नकोस. म्हशी किती, धार कोण काढायचं, डेअरीत दूध कुणाच्या नावावर जायचं, विचार. दहा दिवसांच्या दूध बिलावर तिचं नाव असेल तर तो उत्पन्नाचा पुरावा आहे. ती ३८ वर्षांची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे गुणक १५ लागतो, म्हणजे भरपाई काढताना वर्षाच्या उत्पन्नाला १५ नं गुणतात. महिन्याचे ४,००० रुपये सिद्ध करायचे राहिले, तर तिच्या स्वतःच्या खर्चाची वजावट धरण्याआधीच ७,२०,००० रुपयांचा फरक पडतो. वकील युक्तिवाद करतील, पण ते बिल मागायचं तुलाच सुचायला हवं. आणि नुसतं घरकाम करणाऱ्या बाईच्या कष्टांचंही न्यायालय मोल धरतं. हे त्या नवऱ्याला आवर्जून सांग.

अपघाताची तारीख आधी विचार. एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, आणि आपल्याकडे लोक "वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू" म्हणतात. जखमी असेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एफआयआर, पंचनामा, जे पिशवीत असेल ते सगळं बघ.

"किती मिळतील?" हा प्रश्न येणारच. आकडा सांगू नकोस, कितीही कळवळा आला तरी. त्या आकड्यावर माणसं कर्ज काढतात. आणि दवाखान्याच्या दारात केसेस गोळा करायला कुणी पाठवलं तर सरळ नाही म्हण. वकिलानं काम मागत फिरणं आणि भरपाईत टक्केवारी ठरवणं, दोन्हीला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

कसबा बावड्याच्या कोर्टात नुसती पुढची तारीख पडली, तरी त्याच संध्याकाळी फोन कर. पुढच्या वेळी त्यांची गरज नसेल तर "येऊ नका" असं स्पष्ट सांग. गगनबावड्याहून एसटीनं यायचं म्हणजे ऊसतोडीच्या दिवसांत पूर्ण दिवसाची मजुरी बुडते.

तुझा,
काका