वाचकांचे प्रश्न : एका कंपनीची लेन्स, दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा

प्रश्न : माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे. घरातील जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमीची, आट्यांची (स्क्रूसारखी फिरवून बसवायची) एम४२ लेन्स त्यावर बसावी म्हणून मी काच नसलेली साधी अ‍ॅडॅप्टर रिंग घेतली. जवळची फुले आणि चेहरे सुरेख येतात, पण लांबची झाडे किंवा डोंगर काही केल्या फोकसमध्ये येत नाहीत. लेन्स खराब झाली आहे का?

उत्तर : लेन्स खराब झालेली नाही आणि रिंगही सदोष नाही. प्रत्येक लेन्स ज्या माउंटसाठी (कॅमेऱ्यावर लेन्स जेथे बसते त्या जोडणीसाठी) बनवलेली असते, त्या माउंटच्या धातूच्या कडेपासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंत किती अंतर असेल हे गृहीत धरूनच तिची रचना केलेली असते, आणि या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. एम४२चे फ्लँज अंतर ४५.४६ मिमी आहे, तर निकॉनच्या एफ माउंटचे ४६.५ मिमी. म्हणजे रिंगची जाडी शून्य धरली, तरी आपली लेन्स तिला हव्या असलेल्या जागेपेक्षा १.०४ मिमी पुढे बसते. ही तूट लेन्सची फोकसची रिंग कितीही फिरवली तरी भरून निघत नाही, कारण लेन्स मागे सरकायला जागाच उरलेली नसते.

एवढ्याशा फरकाने काय होते, याचा हिशेब सोपा आहे. फोकस लांबीचा वर्ग करून त्याला या जादा अंतराने भागले, की साधारणपणे किती लांबवर फोकस मिळेल ते निघते. २५०० भागिले १.०४ म्हणजे सुमारे २४०० मिमी. आपल्या लेन्सची हद्द अडीच मीटरच्या आसपास संपते, आणि फुले येतात पण डोंगर येत नाही, याचे कारण हेच. १३५ मिमीची लेन्स लावलीत तर हीच हद्द साडेसतरा मीटरपर्यंत जाईल.

या अडचणीवर तोडगा म्हणून आत छोटी काच बसवलेले अ‍ॅडॅप्टर विकले जातात. त्यांनी लांबचा फोकस मिळतो हे खरे, पण ती काच फोकस लांबी थोडी वाढवते, प्रकाश थोडा खाते, आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत सोडणारे, लहानमोठे होणारे छिद्र) पूर्ण उघडे असताना चित्राची धार बोथट करते. चांगल्या लेन्सच्या मागे सामान्य दर्जाची काच लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ही लेन्स निकॉनवर जवळच्या छायाचित्रांसाठी ठेवावी, नाही तर तिला दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) शोधावी. कॅननच्या ईएफ माउंटचे अंतर ४४ मिमी असल्यामुळे तेथे १.४६ मिमी जाडीची बिनकाचेची रिंग बसते आणि डोंगरही स्पष्ट येतो. मात्र काही जुन्या लेन्सचा मागचा भाग इन्फिनिटीला (अतिदूरच्या वस्तूवर) फोकस करताना आत येतो आणि फुल फ्रेम बॉडीच्या आरशाला लागतो. म्हणून पहिले छायाचित्र घेण्याआधी तो भाग किती बाहेर डोकावतो ते पाहून घ्यावे.

प्रश्न : एम४२च्या दोन लेन्स मी सोनीच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर लावल्या. एकीचे अ‍ॅपर्चर रिंग फिरवूनही बदलत नाही. दुसरीवर ५ मीटरच्या खुणेवरच चंद्र स्पष्ट दिसतो आणि रिंग त्यापुढे फिरवली की पुन्हा धूसर होतो. शिवाय सुरुवातीला शटरच पडत नव्हते.

उत्तर : शटरची गोष्ट किरकोळ आहे. अ‍ॅडॅप्टरमध्ये विजेचे संपर्क नसल्यामुळे लेन्स लावलेलीच नाही असे कॅमेऱ्याला वाटते. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी दिली की काम होते.

अ‍ॅपर्चर न बदलणाऱ्या लेन्सची मागची बाजू उजेडात धरून पाहा. आट्यांच्या आत, कडेला, टाचणीच्या डोक्याएवढी एक पिन दिसेल. ती बोटाने दाबून रिंग फिरवली की पाती मिटताना दिसतात आणि बोट काढले की पुन्हा उघडतात. मूळ कॅमेऱ्यात शटर पडण्याच्या क्षणी आतील पट्टी ही पिन दाबत असे, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये तोपर्यंत भरपूर उजेड राही. आपल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये ती दाबणारे कोणी नाही. लेन्सच्या अंगावर ‘ए’ आणि ‘एम’ अशी कळ असेल तर ती ‘एम’वर न्यावी, नसेल तर आतून पिन दाबणारी कड असलेला अ‍ॅडॅप्टर घ्यावा.

चंद्राचा प्रकार अधिक विचार करण्याजोगा आहे. सोनीच्या ई माउंटचे फ्लँज अंतर १८ मिमी आहे (फुजीच्या एक्सचे १७.७ मिमी, निकॉनच्या झेडचे १६ मिमी), म्हणून एम४२चा अ‍ॅडॅप्टर बरोबर २७.४६ मिमी जाडीचा असायला हवा. एक दशांश मिलिमीटर जाड झाला तर ५० मिमीच्या लेन्सचा फोकस २५ मीटरवर अडेल आणि २४ मिमीच्या लेन्सचा सहा मीटरही गाठणार नाही. गिऱ्हाइकाची तक्रार येऊ नये म्हणून बनवणारे अनेकदा अ‍ॅडॅप्टर मुद्दामच किंचित बारीक ठेवतात. आपला तसाच आहे. ५० मिमीच्या लेन्सला त्याने फारसे बिघडत नाही, फक्त अंतराच्या खुणा खोट्या ठरतात. पण वाइड लेन्समध्ये काचांचे काही गट फोकसबरोबर एकमेकांपासून वेगळे सरकतात, आणि त्यांची मांडणी चुकीच्या अंतरावर गेली की कोपरे बिघडतात. अ‍ॅडॅप्टरचे स्क्रू सोडवता येत असतील तर मधे पातळ पत्र्याची चकती घालून जाडी वाढवता येते. हे काम चिकाटीचे आहे. दर वेळी चित्र पूर्ण मोठे करून एखादा तारा तपासत राहावे लागते.

बॉडीत स्थिरीकरण (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) असेल तर लेन्सची फोकस लांबी हाताने भरावी, आणि तीही लेन्सवर छापलेलीच. सेन्सर लहान आहे म्हणून दीडपट करून भरली, तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त भरपाई करतो आणि चित्र उलट हलते.

प्रश्न : कॅननच्या ईएफ लेन्सला साधा, स्वस्त अ‍ॅडॅप्टर चालेल का?

उत्तर : बसेल, पण हाती फारसे काही लागणार नाही. १९८७ साली आलेल्या या मालिकेत अ‍ॅपर्चरची पाती विजेवर चालतात, त्यामुळे संपर्क नसलेल्या अ‍ॅडॅप्टरवर लेन्स सताड उघडीच राहते. कॅननच्या बॉडीवर हवे ते अ‍ॅपर्चर ठरवून, डेप्थ ऑफ फील्डचे (ठरवलेले अ‍ॅपर्चर आधीच लावून दाखवणारे) बटण दाबून धरून लेन्स तशीच काढायची, ही युक्ती चालते. पण अ‍ॅपर्चर बदलायचे ठरले की पुन्हा तेवढाच खटाटोप. ८५ मिमी एफ १.२सारख्या काही लेन्सची तर फोकसची रिंगसुद्धा विजेशिवाय निर्जीव असते. येथे संपर्क असलेला अ‍ॅडॅप्टरच घ्यावा. निकॉनच्या जी लेन्सचे तसे नाही; त्यांना अ‍ॅपर्चर रिंग नसली तरी मागे यांत्रिक दांडी असते, आणि ती हलवणारी रिंग असलेला साधा अ‍ॅडॅप्टर पुरतो, फक्त एफचे आकडे अंदाजाने धरावे लागतात.

प्रश्न : लाइका एम माउंटची वाइड लेन्स मिररलेसवर लावली, तर कोपरे पुसट आणि जांभळट का येतात?

उत्तर : या लेन्सची मागची काच सेन्सरच्या फार जवळ येते, त्यामुळे कोपऱ्यांकडचे किरण अतिशय तिरपे पडतात. सेन्सरवरच्या काचेच्या थरातून ते तिरपे जाताना चित्र पसरते, आणि रंगही बदलतो. लाइकाच्या स्वतःच्या डिजिटल एम बॉडीत हा थर पातळ ठेवलेला असतो. अ‍ॅपर्चर एफ ८ किंवा एफ ११पर्यंत बंद केल्यास पुसटपणा बराच आवरतो. रंगाची छटा मात्र नंतर संगणकावरच काढावी लागेल. ५० मिमी आणि त्यापुढच्या लेन्सना हा त्रास सहसा जाणवत नाही.