३४ टक्के साम्य निघाले. कबुलीपत्रावर सही करावी का?

प्रश्न : मी मराठी विषयात पीएच.डी. करते आहे. जात्यावरच्या ओव्यांवरील माझ्या प्रबंधाच्या संगणकीय तपासणीत ३४ टक्के साम्य निघाले. विभागाने माझे म्हणणे न ऐकताच वाङ्मयचौर्याची कबुली लिहून मागितली आहे. सही केली की विषय संपेल, असे सगळे सांगतात. काय करावे?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : घाईने सही करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दोष निःसंशय सिद्ध झाल्यावर, बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाल्यावर आणि अपिलाचे मार्ग संपल्यावरच शिक्षा करता येते. १० ते ४० टक्क्यांच्या टप्प्यात जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, म्हणून ही शिक्षा सौम्य वाटते. पण पुन्हा दोष आढळला तर वरच्या टप्प्याची शिक्षा होते, आणि तेव्हा हीच कबुली तुमच्यासमोर ठेवली जाईल.

आधी संपूर्ण अहवाल मागून घ्या आणि रंगवलेली प्रत्येक ओळ स्वतः तपासा. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश हे साम्यात धरायचे नसतात. योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे मजकूरही वगळायचे असतात. तुमच्या ओव्या छापील संग्रहांत असणारच. प्रत्येक ओवीखाली संग्रहाचे नाव व पृष्ठ दिले असेल, तर त्या वगळून फेरतपासणी करण्याची लेखी मागणी करा.

मात्र स्वतःशीही तितकेच कठोर राहा. एखाद्या अभ्यासकाचा परिच्छेद ‘म्हणून’च्या जागी ‘त्यामुळे’ एवढाच बदल करून उतरला असेल आणि पुस्तकाचे नाव केवळ शेवटच्या सूचीत असेल, तर ती चूकच आहे, मग आकडा चार टक्के का असेना. स्वतःचा पूर्वप्रकाशित लेख उल्लेखाविना वापरणेही आयोगाने २०२० मध्ये अमान्य ठरवले आहे. असे जे सापडेल ते तुमच्या निवेदनात तुम्हीच नोंदवा. उरलेल्या आरोपांना दिलेल्या उत्तराला त्यामुळे वजन येते.

अशा आरोपाची चौकशी करणाऱ्या विभागीय समितीत विभागप्रमुखांसोबत विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि तपासणी प्रणालीचे एक जाणकार असावे लागतात. तिने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर संस्थास्तरीय समिती असते. तिच्यात एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा असतो, खालच्या समितीच्या शिफारशी ती बदलू शकते, आणि तिच्या अहवालाची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. सुनावणीच नाकारली गेली, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. तिचा निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते.

प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. सुनावणीला तुमची क्षेत्रकार्याची वही आणि ओव्यांची ध्वनिमुद्रणे सोबत न्या. गाव, तारीख आणि गाणाऱ्या बाईंचे नाव असलेले ते पान समितीने पाहिलेच पाहिजे.