आधी उजवा हात

प्रिय गिटारवाल्या,

तुझा निरोप वाचला. पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलच्या पाचही पोझिशन्स पाठ, सोलो मूळ रेकॉर्डच्या वेगाने निघतात, तरी बँडमधली मुलं म्हणतात, 'बरोबर वाजवतोस, पण रॉक वाटत नाही.' आणि यावर तू मला विचारतोस की आवाज फाडणारं नवं ओव्हरड्राइव्ह पेडल घेऊ की मोड्स, म्हणजे स्केलचे वेगवेगळे प्रकार, शिकू? दोन्ही नको. तुझी मुलं खरं बोलतायत. दुखणं तुझ्या उजव्या हातात आहे.

तू रॉक शिकलास १९७० नंतरच्या रेकॉर्ड्सवरून. त्यात वाईट काही नाही, पण ज्यांना ऐकून ती माणसं तयार झाली त्यांना तू ऐकलंच नाहीस. दुसऱ्या महायुद्धानंतरची दहा-बारा वर्षं, न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस, शिकागो. लुई जॉर्डन, फॅट्स डॉमिनो, बो डिडली, लिटल रिचर्ड, चक बेरी. या लोकांनी नाचणाऱ्यांसाठी ठेका बांधला. पुढे आलेल्यांनी त्यावर आवाज चढवला, सोलो लांबवले, केस वाढवले. तू वरचं सगळं उचललंस आणि खालचा ठेका तिथेच ठेवलास.

चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड'ची सुरुवात तुला येते, मला माहीत आहे. सगळ्यांना येते. १९५८ ची रेकॉर्ड. आता लुई जॉर्डनचं १९४६ चं 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन' लाव. सुरुवातीला कार्ल होगनची गिटार ऐक. तीच फ्रेज, बारा वर्षं आधी! म्हणजे ज्या तुकड्यावर तू तीन महिने घासलेस तो बेरीने उसना घेतला होता, आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. मग बेरीचं स्वतःचं काय? उजवा हात. बूगी-वूगी पियानोवाला डाव्या हाताने जे खालचं चक्र फिरवतो, ते बेरीने गिटारच्या जाड तारांवर आणलं. त्याच्याबरोबर जॉनी जॉन्सनसारखा पियानोवादक होता, हे विसरू नकोस. बेरीची गाणी बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा गिटारवाल्याला अडचणीच्या सुरांत का असतात? ते सूर पियानो आणि सॅक्सोफोनवाल्यांच्या सोयीचे.

तर आता काय करायचं ते नीट वाच. पहिला आठवडा तारांना सूर म्हणून हात लावायचा नाही.

मेट्रोनोम ६० वर लाव. प्रत्येक क्लिक म्हणजे दुसरा किंवा चौथा ठोका. पहिला आणि तिसरा तू मनात मोजायचा. म्हणजे गाण्याचा वेग झाला १२०. गिटार बाजूला ठेवून पाच मिनिटं नुसत्या टाळ्या वाजव, क्लिकवरच. तू भजन ऐकत वाढलास, तबला थोडाफार शिकलास, तुझा कान समेकडे धावतो. चार-पाच बारनंतर (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन) क्लिक तुला 'एक' वाटायला लागेल. तसं झालं की थांब, मोठ्याने 'एक दोन तीन चार' म्हण आणि 'दोन'वर क्लिक पकडून पुन्हा सुरू कर. इथे जोर दोन आणि चारवर आहे, आणि तो पूर्ण गाणंभर आहे. डिसेंबर १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला कोझिमो मटासाच्या जे अँड एम स्टुडिओत फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' रेकॉर्ड झालं, त्यात ड्रमर अर्ल पामरने हेच केलं. तोवर हा जोर बहुतेक वेळा शेवटच्या फेरीसाठी राखलेला असायचा. पामरने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला. आज तुझा ड्रमर स्नेअर ड्रमवर जे मारतो ते तिथून आलंय.

मग शफल. हे तुला तबल्यामुळे सोपं जायला हवं: चार मात्रा, प्रत्येक मात्रेत तीन समान तुकडे, तिस्र जातीसारखे, आणि मधला तुकडा रिकामा. डाव्या हाताने सगळ्या तारा हलक्या दाबून मुक्या कर आणि उजव्याने फक्त पहिला नि तिसरा तुकडा मार. सगळे स्ट्रोक खाली. वर-खाली मारलंस तर वरच्या स्ट्रोकला बारीक तारा आधी लागतात, आवाज पातळ होतो आणि तुकडे असमान वाटतात. जवळजवळ सगळ्यांची चूक एकच असते: तिसरा तुकडा लवकर येतो, घाईत. तो जितका उशिरा, तितका ठेका लोळतो. ब्लूज गायक जिमी रीडच्या रेकॉर्ड्सवर मागे एडी टेलरची गिटार आहे, ती ऐक. सोलो नाही, चमक नाही, आणि तरीही पाय थांबत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात सूर. ए मध्ये बारा बार: ए चे ४, डी चे २, ए चे २, मग ई, डी, ए, ई प्रत्येकी १. ए साठी पाचवी तार मोकळी, चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट तर्जनीने. पहिल्या ठोक्याला हे दोनदा, दुसऱ्या ठोक्याला अनामिका चौथ्या फ्रेटवर ठेवून दोनदा, पुढे तेच. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर टेकव. ती गिटारच्या मानेकडे सरकली तर सूर मरतो, फार मागे गेली तर तारा घुमत राहतात. मधली जागा तुझी तुलाच शोधायला लागेल. त्यानंतर बी फ्लॅट: सहाव्या तारेवर सहावा फ्रेट, पाचव्या तारेवर आठवा, आणि करंगळी दहाव्यावर. ताण येईल. अंगठा मानेच्या मागे, मनगट खाली. दुखलं तर हाच आकार दहाव्या फ्रेटवरून, डी मध्ये सुरू कर, तिथे फ्रेट जवळजवळ असतात. रोज एकेक फ्रेट खाली ये. दुखत असताना रेटू नकोस. हे मात्र माझं ऐकच.

आणि गेन, म्हणजे अँपवरचं आवाज फाडायचं बटण, कमी कर. पेडलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गेन वाढवला की जोराचा नि हलका स्ट्रोक दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणजे उजव्या हाताने केलेलं सगळं काम पेडल पुसून टाकतं. शिवाय पंचम जास्त गेनमध्ये स्वच्छ राहतो, पण बूगीतला धैवत, म्हणजे अनामिकेचा सूर, तिथे गढूळ होतो. त्यामुळे तुझ्या अँपवर गेन १० पैकी ३. 'रॉकेट ८८' हे मार्च १९५१ चं, मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं. त्यात विली किझार्टच्या गिटारचा आवाज फाटका आहे. वाटेत अँपला इजा झाली, स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं, अशी हकिगत सांगतात. सगळे तो फाटका आवाज ऐकतात. तू त्याखालचं न थांबणारं बूगी ऐक. अँप चांगला असता तरी ती रेकॉर्ड चालली असती. हात थांबला असता तर चालली नसती.

लोक म्हणतात, हा माणूस १९५८ च्या पुढे जातच नाही. जातो की. पण पुढे जाऊन पाहिलं तरी तेच सापडतं, त्याला मी काय करू? बीटल्सच्या 'आय सॉ हर स्टँडिंग देअर'मधला बेस बेरीच्या 'आय'म टॉकिंग अबाउट यू'मधला आहे, हे मॅकार्टनीने स्वतः सांगितलंय. रोलिंग स्टोन्सचा १९६३ चा पहिला सिंगल बेरीचं गाणं होतं, बँडचं नाव शिकागोच्या ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या रेकॉर्डवरून, आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना हे लोक शिकागोला, बेरी ज्यांच्यासाठी रेकॉर्ड करायचा त्या चेस कंपनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड करायला गेले. हट्ट माझा एकट्याचा नाही.

आता अवघड भाग, आणि तुझ्या बँडचं खरं कोडं इथेच आहे. लिटल रिचर्ड पियानोवर उजव्या हाताने सरळ आठ मारायचा, एका ठोक्याचे दोन समान तुकडे. त्या हाताशी जुळवून घ्यायला आपण शफल सोडून सरळ वाजवायला लागलो, असं अर्ल पामर सांगायचा. पण सगळे ड्रमर एकदम सरळ झाले नाहीत. बेरीच्या रेकॉर्ड्समध्ये गिटार सरळ जाते आणि ड्रम्स अजून थोडा झोका घेतात. दोघं एकमेकांना ओढतात. ती ओढ म्हणजे रॉक अँड रोल. तुम्ही पाचही जण कॉम्प्युटरच्या ग्रिडवर सरळ वाजवता, म्हणून कवायत वाटते. पाचही जणांनी शफल केलं तर १९४० चा डान्स बँड वाटेल. ड्रमरला सांग, राइड सिंबलवर (झांजेवर) हलका झोका ठेव, स्नेअर घट्ट. तू सरळ राहा. तो तुला त्याच्याकडे खेचेल, जाऊ नकोस. सुरुवातीला विसंवाद वाटेल. वेग १४० च्या खाली ठेवलात तर जास्तच वाटेल, म्हणून १६० च्या पुढे करून पाहा.

रिफ, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारी ओळ, बसत नसेल तर बेसवाल्याला जवळ बसव. फॅट्स डॉमिनोच्या रेकॉर्ड्स घडवणाऱ्या डेव्ह बार्थोलोम्यूच्या अरेंजमेंट्समध्ये बेस, गिटार आणि सॅक्सोफोन एकच ओळ एकत्र वाजवतात. हार्ड रॉकचा रिफ दुसरं काय आहे? सॅक्सोफोनची जागा गिटारने घेतली, एवढंच. अँप बंद करून दोघांनी ती ओळ वाजवा. स्ट्रोक एकत्र पडत नसतील तर अँप लावून ते लपेल, सुधारणार नाही.

बो डिडलीचा ठेकाही याच काळात कर. तीनतालासारखे १६ मोज आणि १, ४, ७, ११, १३ वर जोर दे. उजवा हात सोळाही वेळा हलला पाहिजे, खाली-वर, तार लागो न लागो. जोरांच्या मध्ये हात थांबला की ठेका लंगडतो, आणि तुझा थांबतो, व्हिडिओत दिसतंय. बडी हॉलीचं 'नॉट फेड अवे' याच ठेक्यावर आहे, १९५७ चं.

पॅट बूनचं 'टुटी फ्रुटी' आणि लिटल रिचर्डचं मूळ, लागोपाठ लावून बघ. बूनची आवृत्ती पॉपच्या यादीत मूळ गाण्याच्या वर गेली होती. चाल तीच, शब्द थोडे धुतलेले. काय गेलंय ते तुला पहिल्या आठ बारमध्ये कळलं नाही तर मला फोन कर, रागावणार नाही. बरं, थोडा रागावेन.

मोड्स पुढच्या वर्षी. ते कुठे पळून जात नाहीत.

राहिला तुमच्या यादीतला लेड झेपेलिनचा 'रॉक अँड रोल'. ड्रम्स सुरू झाल्यावर तुम्ही सगळे चुकीच्या जागी शिरता, कारण पहिला फटका तुम्ही 'एक' धरता. ती सुरुवात लिटल रिचर्डच्या 'कीप अ-नॉकिन'मधली आहे, ड्रम्सवर चार्ल्स कॉनर, आणि दोन्हीकडे पहिला फटका तिसऱ्या ठोक्याच्या उत्तरार्धावर पडतो. ड्रमरला 'एक, दोन, तीन' मोठ्याने मोजू दे, 'तीन' आणि 'चार'च्या मधोमध काठी पडू दे, आणि त्या वेळी तू उजव्या हाताने मुक्या तारांवर मोजत राहा. तुझा हात चालू असेल तर गिटार कुठे शिरायची ते बाकीच्यांना विचारावं लागणार नाही.